निपाणीचे टेशनमास्तर

नवीन माणूस भेटला की मास्तर त्याचं आडनाव विचारत नाहीत, पगार विचारत नाहीत, मत कुणाला दिलंस हेही विचारत नाहीत. आमच्या सीमाभागात हे तिन्ही न विचारता चहा पाजणारा माणूस विरळाच. ते एवढंच विचारतात, "गाव कुठल्या गेजवर?"

मी बेळगावचा म्हटल्यावर त्यांनी मला 'मीटर'च्या खान्यात टाकलं. नव्वदच्या दशकात आमच्याकडे ब्रॉडगेज आली, असं मी सुचवून पाहिलं. "जन्म कशावर झाला ते बोला. गेज काय मागनं बदलतंय व्हय?" म्हणून त्यांनी विषय मिटवला. कोल्हापूरकरांबद्दल त्यांचं मत फारसं बरं नाही. ती माणसं १९७१ मध्ये मीटरवरून ब्रॉडवर गेली आणि तेव्हापासून ओळख दाखवत नाहीत, म्हणे. बार्शी, पंढरपूर, लातूरकडचा कुणी चुकून निपाणीत आला तर मात्र त्याला स्वतःच्या खुर्चीत बसवतात, चहा दोनदा होतो आणि काकू आतून विचारतात, "नॅरोवाले आलेत काय?"

मास्तर स्वतः कुठल्याच गेजवरचे नाहीत. निपाणीला तंबाखू आहे, विड्या आहेत, पुणे-बेंगळूर हायवे आहे; रेल्वे नाही. गाडी धरायची तर कोल्हापूर गाठा, नाहीतर चिकोडी रोड, आणि ते स्टेशन चिकोडीतही नाही. मास्तर आयुष्यभर तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. रेल्वेशी त्यांचा संबंध तिकिटापुरता. 'टेशनमास्तर' ही पदवी स्टँडवरच्या एका चहावाल्याने कुचेष्टेने दिली आणि मास्तरांनी ती मानाने घेतली. आता पोस्टमनही त्याच नावाने हाक मारून पार्सल देतो, आणि पार्सल आलं की काकू देवापुढे दिवा लावतात. श्रद्धेने नव्हे, धास्तीने.

वेडाचं मूळ मिरजेत आहे. साठच्या दशकात निपाणी-बेळगावकडचं कुणीही फार आजारी पडलं की त्याला मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात न्यायचे. मास्तरांच्या आईचं ऑपरेशन होतं, लहानग्या मास्तरांची रडारड थांबेना, म्हणून मामाने त्यांना स्टेशनवर नेऊन बसवलं. तिथे एका बाजूला मीटरगेज आणि दुसऱ्या बाजूला पंढरपूर-कुर्डुवाडीकडे जाणारी बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज. अडीच फुटी रुळांवर उभे असलेले डबे, टपावर वारकरी, खिडकीतून बाहेर आलेल्या पताका. "मोठ्या गाडीकडं मान वर करून बघावं लागत होतं. ही मात्र माझ्या मापाची होती बगा," मास्तर सांगतात. आई बरी झाली, मास्तर झाले नाहीत.

बार्शी लाइटबद्दल त्यांना बोलतं करू नये. करायचं काही कारणच नसतं म्हणा, ते बोलतच असतात. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हे नाव ते घरच्या जावयासारखं घेतात. हा इंग्रज इंजिनिअर जीआयपी रेल्वेच्या नोकरीत इकडे आला, बार्शीची कापसाची पेठ मोठ्या लाइनीपासून अलग पडलेली त्याने पाहिली आणि तिथवर स्वस्तातली छोटी रेल्वे न्यायची हे डोक्यात घेतलं. १८९५ मध्ये कंपनी, १८९७ मध्ये गाडी. एका आसावर पाच टनांहून जास्त भार टाकायचा नाही, मग हलके रूळही चालतात आणि मालही भरपूर जातो, हा त्याचा हिशेब. दाबीव पोलादाचे डबे लीड्समध्ये केले आणि इकडे धाडण्याआधी लीड्सजवळ मुद्दाम रूळ टाकून ते पळवून दाखवले. पुढे रूळ १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचले. सगळे मिळून दोनशे मैल. कॅलथ्रॉपचं त्याच वर्षी निधन झालं. "मिरजेला गाडी पोचली, म्हातारा मोकळा झाला," असं मास्तर म्हणतात. त्यांच्या दृष्टीने कॅलथ्रॉप भीष्म आहे आणि मिरज उत्तरायण.

याच माणसाने पुढे विमानातून उडी मारायची हवाई छत्री काढली. त्याचा मित्र रोल्स, तोच रोल्स-रॉइसवाला, १९१० मध्ये विमान पडून गेला, त्याचं मनाला लागलं म्हणून. शिवाय घोड्यांवर एक पुस्तक लिहिलं. हे सगळं मास्तर ओळीने सांगतात आणि शेवटी पुस्ती जोडतात, "पण नाव बार्शीनं झालं." इंग्लंडात कुणाला हे ठाऊक आहे की नाही, याची चौकशी मी केलेली नाही.

तर मास्तरांना ही गाडी हवी आहे. माळ्यावर सहा फूट बाय अडीच फुटांची प्लायवूडची फळी आहे, तिच्यावर इतिहासाने केलेली चूक दुरुस्त होते आहे. मिरजेला पोचलेली बार्शी लाइट तिथे न थांबता १९२९ मध्ये निपाणीला आली, असं मास्तरांनी ठरवलंय. तंबाखूची वखार आहे, बैलगाड्या आहेत, स्टेशनची कौलारू इमारत आहे, पाण्याची टाकी आहे. गाडी तेवढी नाही.

कारण गाडी कुणी बनवत नाही. म्हणजे मास्तरांना ती बनवणारा अजून भेटलेला नाही. आणि इथेच त्यांच्या संतापाला तोंड फुटतं. कॅलथ्रॉपने बार्शीवर जे आजमावलं त्याच विचाराने इंग्लंडात स्टॅफर्डशायरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची छोटी रेल्वे बांधली. गेज तेच, अडीच फूट. लांबी सव्वाआठ मैल. १९०४ मध्ये सुरू, १९३४ मध्ये बंद, आता त्या मार्गावरून लोक चालायला जातात. दोनच मुख्य इंजिनं, पैकी एकाचं नाव कॅलथ्रॉपवरूनच. तर या सव्वाआठ मैलांच्या रेल्वेच्या इंजिनांचे किट निघाले, डब्यांचे निघाले. "आणि आमच्या दोनशे मैलांना काय? ठेंगा!" मास्तर विचारतात आणि स्वतःच उत्तर देतात. "ती धाकटी बहीण हो आमची. थोरलीला टाकून धाकटीचं लगीन लावलं ह्यांनी."

किट म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांचं सुखी आयुष्य बिघडवायचं माझ्या मनात नाही, पण थोडं सांगावं लागेल. पितळेचा पातळ पत्रा येतो. त्यावर आम्लाने कोरून इंजिनाचे भाग काढलेले असतात. ते कापायचे, अर्धवट कोरलेल्या रेषांवर दुमडायचे, झाळायचे. पुष्कळदा खोक्यात फक्त अंग असतं. चाकं, मोटर, जोडण्या तुमच्या तुम्ही पैदा करायच्या. अशी वस्तू विकणारे कारखानदार नसतात. इंग्लंड-स्कॉटलंडातले निवृत्त इंजिनिअर घरामागच्या शेडमध्ये बसून हे करतात आणि वर्षाकाठी मोजकी खोकी विकतात. गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघेही एकाच आजाराचे, त्यामुळे व्यवहारात घासाघीस नसते, नुसता पत्रव्यवहार असतो.

आणि पत्रव्यवहार हा सीमाभागातल्या माणसाचा हातखंडा. १९५६ मध्ये सीमाप्रश्न उभा राहिला तेव्हापासून आम्ही दुसरं काय केलं? मास्तरांनी स्कॉटलंडातल्या अशा एका शेडवाल्याला जे पहिलं पत्र लिहिलं त्याची प्रत मी वाचली आहे. विषय: बार्शी लाइट रेल्वेवर होत असलेल्या अन्यायाबाबत. खाली 'महोदय', मग क्रमाने मुद्दे. लांबीची तुलना, उतारूंची तुलना, आषाढी-कार्तिकीचं महत्त्व, कॅलथ्रॉपचं ऋण. शेवटी, वरील बाबींचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, अन्यथा आम्हांस लोकशाही मार्गाने पुढील पाऊल उचलावे लागेल. प्रत माहितीसाठी: रेल्वे मंत्रालय, नवी दिल्ली. इंग्रजीत हे आणखी भयंकर वाटत होतं. मी म्हटलं, "मास्तर, तो बिचारा एकटा माणूस आहे. पुढील पाऊल म्हणजे त्याच्या शेडवर मोर्चा नेणार काय?" मास्तर म्हणाले, "निवेदनात तसं लिहावं लागतंय. नाहीतर कोण वाचत नाही."

माझा असा समज होत चालला आहे की मास्तरांना गाडीपेक्षा खोकं हवं आहे. त्यावर छापलेलं नाव हवं आहे. परदेशातल्या कुणीतरी, ज्याचा आपल्याशी काही संबंध नाही अशाने, आपलीही रेल्वे होती एवढं लिहून द्यावं. लाकडाची, पत्र्याची, पुठ्ठ्याची बार्शी लाइट त्यांनी स्वतः केव्हाच केली असती. हात चांगला आहे. पण ती घरची झाली असती, मान्यता मिळालेली नसती.

दरम्यान भाच्याला ग्लासगोला नोकरी लागली. मास्तर आनंदाने म्हणाले, "नॉर्थ ब्रिटिशमध्ये? आपल्या मीटरगेजची वायपी इंजिनं केलीत त्यांनी!" भाचा म्हणाला, "मामा, ती कंपनी १९६२ मध्ये बंद पडली. मी बँकेच्या कॉम्प्युटरवर आहे." मास्तर म्हणाले, "मग एवढ्या लांब कशाला गेलास?" तरी जाताना त्याला यादी दिलीच. पहिल्या सुट्टीत पोरगा आला तो चॉकलेटं आणि एक चपटं खोकं घेऊन. तिकडच्या एका प्रदर्शनात बार्शीचं काही मिळालं नाही, म्हणून त्यातल्या त्यात छोट्या गाडीचं घेतलं, असं म्हणाला. खोक्यात 'आर्गाइल' होतं. स्कॉटलंडच्या पश्चिमेला किंटायर नावाचं लांबोडकं द्वीपकल्प आहे, त्याच्या टोकाकडे कॅम्पबेलटाउन ते माक्रिहॅनिश अशी जेमतेम सहा मैलांची रेल्वे होती. आधी कोळशाची, मग १९०६ पासून माणसांची. ग्लासगोकडून आगबोटीने आलेल्या सहलकऱ्यांना समुद्रकाठी नेऊन आणायची. आर्गाइल हे तिचं इंजिन, किल्मार्नॉकच्या अँड्र्यू बार्कलेने बांधलेलं. तिसाचं दशक उजाडलं, बस आली, रेल्वे संपली.

"सहा मैल!" मास्तर कडाडले. "सव्वाआठवाल्यांचं एक बरं होतं!" खोकं चार दिवस कपाटावर पडलं. पाचव्या दिवशी त्यांनी सोबतचा कागद वाचला आणि घोळ झाला.

घोळ मापाचा होता. या दुनियेत एका फुटाला चार मिलिमीटर धरण्याची पद्धत आहे, आणि बाजारात मिळणारे छोट्या गाड्यांचे रूळ असतात नऊ मिलिमीटरचे. बार्शीचा अडीच फूट म्हणजे दहा मिलिमीटर. म्हणजे मास्तर कितीही खपले तरी त्यांची बार्शी एक मिलिमीटर, मूळ मापात तीन इंच, खोटी पडणार. हे शल्य त्यांना पहिल्यापासून होतं; सीमाभागातल्या माणसाला तीन इंचांचं महत्त्व शिकवावं लागत नाही. आणि कॅम्पबेलटाउनचं गेज निघालं सव्वादोन फूट. चोख नऊ मिलिमीटर. जी रेल्वे त्यांच्या रुळांवर केसभरही खोटी ठरत नव्हती ती नेमकी परक्याची.

त्या आठवड्यात मास्तर कुणाशी धड बोलले नाहीत. मी गेलो तर म्हणाले, "तिथं दारूच्या भट्ट्या, इथं तंबाखू. गाव तसं आपल्यासारखंच व्यसनाधीन हाय." मी ओळखलं, पक्षांतराची तयारी चालली आहे. पण आमदाराला जे जमतं ते दिवाणजीला जमत नाही. शेवटी तडजोड निघाली. आर्गाइल खरं तर भंगारात गेलं. मास्तरांच्या माळ्यावर ते भंगारात गेलं नाही. बार्शी लाइटने ते लिलावात घेतलं, कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात त्याचं गेज तीन इंच वाढवलं आणि निपाणीच्या शाखेवर धाडलं. त्यासाठी माळ्यावरचं साल १९२९ वरून १९३४ करावं लागलं. काकूंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरं झालं, पाच वर्षांनी तरी पुढं आलासा."

जोडणीची कथा मात्र आपल्याकडचीच. चाकं सदोष निघाली, म्हणून मास्तर बेळगावला उद्यमबागेत एका लेथवाल्याकडे गेले. तिथे पंपाचे, हायड्रॉलिकचे अवजड भाग होतात. मास्तरांनी खिशातून आगपेटी काढून तिच्यातलं चाक दाखवलं. मालक म्हणाला, "मास्तर, एवढा तर आमच्याकडं केर निघतोय. किती नग?" "सहा." "सहा हजार?" "सहा." मालकाने चहा मागवला. अशा वेळी आमच्याकडे चहाच मागवतात. चाकं झाली, पैसे घेतले नाहीत, 'पुन्हा येऊ नका' हे फक्त डोळ्यांनी सांगितलं.

झाळकामासाठी हुपरीचा चांदी कारागीर गाठला, कारण पैंजणाच्या कड्या झाळणाऱ्या हाताएवढा बारीक हात पंचक्रोशीत दुसरा नाही. त्याने काम अप्रतिम केलं. मजुरी वजनावर, म्हणून इंजिन काट्यावर ठेवलं. वरून सवयीने पॉलिश मारलं आणि विचारलं, "घुंगरू लावू काय खाली?"

पुढच्या किटला कर बसला. या वस्तूंची गणना कायद्याने खेळण्यांत होते आणि खेळण्यांवरचा आयातकर २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झाला, २०२३ मध्ये ७०. मास्तरांना रकमेपेक्षा शब्द लागला. 'खेळणं?' त्यावरही निवेदन गेलं. ते कुठल्या टेबलावर आहे ते देव जाणे.

पण खरी आपत्ती आली ती स्टेशनच्या पाटीने. पाटी केवढी, तर बोटाच्या पेरभर. अक्षरं भिंगाशिवाय दिसत नाहीत. ती रंगवायला घेतली तेव्हा शेजारचे, सीमालढ्यातल्या समितीचे जुने कार्यकर्ते माळ्यावर आले आणि म्हणाले, "मराठी वर पाहिजे." संध्याकाळी मास्तरांचे मित्र, निवृत्त कन्नड शिक्षक, आले. मास्तरांची आणि त्यांची रोजची बैठक, दोघे दोघांच्या भाषेत बोलतात आणि व्यवस्थित भांडतात. ते म्हणाले, "मेले कन्नड बेकु, मास्तर." म्हणजे कन्नड वर पाहिजे. मास्तरांनी दोघांना एकत्र बसवून समजावलं की फळीवर १९३४ साल आहे, मुंबई इलाखा आहे, ना महाराष्ट्र आहे ना कर्नाटक, तेव्हा इंग्रजी वर. यावर दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं आणि दोघांनी मिळून मास्तरांना शिव्या घातल्या. महाजन आयोगाला १९६७ मध्ये जे साधलं नाही ते त्या पेरभर पाटीने साधलं, एवढं श्रेय तिला द्यायला हवं. पाटी अजून कोरी आहे. गाडी येते, थांबते, उतारूंना कळत नाही कुठे उतरलो.

आणि मग स्कॉटलंडहून उत्तर आलं. शेडवाल्याने लिहिलं होतं की निवेदन वाचून तो हलला आहे. बार्शी लाइटचे नकाशे मिळाले आणि किट घेणारी दहा माणसं निघाली, तर तो पत्रा कोरायला घेईल.

दहा माणसं! साऱ्या हिंदुस्थानातून मास्तरांना तीन मिळाली, त्यांतला एक उधारीवाला. तेव्हा त्यांनी हुकमी अस्त्र काढलं: सह्यांची मोहीम. कोऱ्या कागदावर ठळक अक्षरांत 'बार्शी लाइट रेल्वे, निपाणी शाखा: आमचा पाठिंबा' असं लिहून ते सकाळी स्टँडवर उभे राहिले. निपाणीत रेल्वेच्या मागणीला सही मागितली तर कोण नाही म्हणेल? चहावाल्याने केली, रिक्षावाल्यांनी केली, विड्यांच्या कारखान्यात निघालेल्या बायकांनी अंगठे दिले, एका माजी नगरसेवकाने स्वतःचं नाव सर्वांत वर घालायचा आग्रह धरला. दुपारपर्यंत कागद भरला. मास्तर हरखून गेले. कुणी कशाला सही केली हे त्यांच्या लक्षात आलं नाही आणि कुणाला सांगावंसं मलाही वाटलं नाही.

संध्याकाळी मी तिथेच होतो तेव्हा फोन वाजला. जमिनीचा एजंट होता. आवाज एवढा मोठा की स्पीकरची गरज नव्हती.

"मास्तर, रेल्वे नक्की काय हो?"

"जवळजवळ नक्की. परदेशातनं पत्र आलंय."

"परदेशी कंपनी! मग टेशन कुठल्या अंगाला धरलंय तेवढं मला आधी सांगा की."

"पूर्वेला," मास्तर फळीकडे बघत म्हणाले.

"म्हंजे चिकोडीच्या रस्त्याला?"

"रस्ता नाही हो, खिडकी हाय तिथं."

पलीकडे क्षणभर काही ऐकू आलं नाही. एजंटाला ही काहीतरी आतली भाषा वाटली असावी. मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "बरं, जागा किती लागणार? एकरात सांगा."

"सहा फूट बाय अडीच," मास्तर म्हणाले. "पण ती माझी घरचीच हाय. तुम्ही किट घेताय काय, ते सांगा."